कर्नलवाल्या टिपणीसबाई

सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होत्या तेव्हा टिपणीसबाईंच्या शेजारणींची पक्की समजूत होती, की या बाई फौजेतल्या कुठल्यातरी कर्नलकडे नोकरीला आहेत आणि त्या कर्नलची तब्येत काही ठीक नसते. शेजारणींना तरी दोष कसा द्यायचा? बाईंच्या घरी फोन नव्हता. ऑफिसचा फोन शेजारच्या मल्होत्रा आंटींकडे यायचा आणि बाई त्यांच्या दिवाणखान्यात उभ्या राहून खणखणीत आवाजात विचारायच्या, "कर्नल फिर गिर गया? गिरने से पहले कुछ बोला क्या? कुछ भी नहीं बोला?"

एकदा मल्होत्रा आंटींनी कर्नलसाहेबांसाठी देवीचा प्रसाद पाठवला. बाईंनी तो ऑफिसात आणला, आम्हा सगळ्यांना वाटला आणि उरलेली पुडी मशीनच्या डोक्यावर ठेवून दिली. "असू दे," म्हणाल्या, "त्या माउलीने मनापासून दिलाय."

हा कर्नल फौजेतला नव्हे, त्याचं इंग्रजी स्पेलिंगही वेगळं; हा म्हणजे कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. बाकीचे सगळे प्रोग्रॅम त्याच्या जिवावर चालतात, तो पडला की सगळंच पडतं. तो का पडला हे शोधायला त्याच्याच पोटात एक छोटा प्रोग्रॅम बसवलेला असतो, त्याला डीबगर म्हणतात. सगळं सुरळीत असताना त्याला कुणी विचारत नाही. सगळं कोसळलं की मात्र त्याने एकट्याने ताठ उभं राहून साक्ष द्यायची असते. टिपणीसबाईंची उमेदीची वर्षं या डीबगरमध्ये गेली. आधी एका सरकारी संगणक केंद्रात, आणि देशाची दारं उघडल्यावर नोएडातल्या आमच्या कंपनीत.

आमची कंपनी म्हणजे एका इमारतीचे वरचे दोन मजले. खालच्या मजल्यावर परदेशी पाठवायचे कपडे शिवत, वर आम्ही परदेशी पाठवायचा कोड लिहीत असू. दोन्हीकडे माप गिऱ्हाइकाचं आणि घाई मालकाची. नोएडात तेव्हा शेतं संपून काचा सुरू होत होत्या. मुलाखतीला गेलो तेव्हा गेटसमोर म्हशी बसल्या होत्या आणि आत कॉफीचं मशीन होतं, ते बंद होतं.

मुलाखत बाईंनीच घेतली. मी नागपुरातून नुकताच आलेलो, मयूर विहारला दोघा मित्रांबरोबर राहणारा. पाठ करून आलेलं सगळं ओठांवर तयार होतं. बाईंनी स्टीलच्या पेल्यातलं पाणी प्यायलं, नाव वाचलं आणि मराठीत विचारलं, "सातपुते, समज तू न सांगता गाझियाबादला मित्राकडे गेलास. दाराला कुलूप. काय करशील?"

"परत येईन."

"शहाणा आहेस. कॉम्प्युटर परत येत नाही. तो कुलूप दिसत असतानाही आत शिरतो, आणि आत घरच नसतं. सोमवारपासून ये."

एवढ्यावर मला नोकरी लागली. या प्रश्नाचा अर्थ मला पुढच्या हिवाळ्यात गच्चीवर कळला.

हिवाळ्यात बाई कोड तपासायला गच्चीवर बसत. दिल्लीच्या थंडीत इमारतीच्या आत बोटं आखडायची आणि गच्चीवर ऊन फुकट होतं. बाई खुर्चीवर, मांडीवर विणकाम. समोर सतरंजीवर आम्ही, आणि आमच्यामध्ये लांबच लांब छापील कागद, वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांच्यावर संत्री ठेवलेली. शेंगदाण्याची टरफलं ओंजळीत गोळा करायची, कागदावर टाकायची नाहीत, हा एकमेव लेखी नसलेला आणि कडकपणे पाळला जाणारा नियम. बाईंचे डोळे सुयांवर असत आणि कान आमच्याकडे. एकेक ओळ वाचून दाखवायची. ओळ चुकीची असली की सुया थांबत. सुया थांबल्या की वाचणारा तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचू लागे.

त्या दिवशी वाचत होता बंसल, गाझियाबादचा, हुशार आणि घाईचा. कर्नल पडला की डीबगर ताबा घेतो, आणि पडद्याच्या ड्रायव्हरला, म्हणजे पडदा चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, हाक मारतो, 'मी आलोय, तयारीला लाग.' ज्या ड्रायव्हरला अशी हाक हवी असेल त्याने आपला पत्ता आधी नोंदवून ठेवायचा. ज्याला नको असेल त्याने जागा रिकामी सोडायची. म्हणजे ही हाक ऐच्छिक, ऑप्शनल. बंसलने थेट हाक मारली होती.

सुया थांबल्या.

"बंसलजी, ये किसको बुलाया?" बाई आमच्यातल्या सगळ्यात धाकट्यालाही 'जी' आणि 'आप' म्हणत. त्यांचं हिंदी म्हणजे पुण्याचं मराठी, फक्त शेवटी 'है' लावलेलं.

"ड्रायव्हर को, मॅडम."

"वो है क्या?"

"सब ड्रायव्हर में है, मॅडम. मैंने तीनों देखे."

"आज है," बाई म्हणाल्या. "कल चौथा आएगा. उसका जगह खाली रहेगा. फिर आपका डीबगर शून्य पत्ते पर जाएगा. पेशंट मरा है, डॉक्टर देखने को आया, और डॉक्टर ही दहलीज पे मर गया. अब दो मुर्दे हैं, और कारण किसी को मालूम नहीं."

बंसल हसला. बाई हसल्या नाहीत. "गृहीत धरना," त्या म्हणाल्या आणि हिंदी शब्द आठवेना म्हणून माझ्याकडे वळल्या, "सांग रे याला. गृहीत धरणं हा गुन्हा नाही, पण शिक्षा व्हायची तीच होते."

बंसलने पेनने तिथल्या तिथे दुरुस्ती केली. आधी विचारायचं, पत्ता आहे का. असला तर हाक मारायची. त्याला वाटलं, सुटलो. बाईंनी मान हलवली. "आपने एक बार देखा, फिर दुबारा उधर से ही उठाया. बीच में किसी ने पोंछ दिया तो? पहले पता हाथ में लो. हाथ में जो है वो देखो. फिर हाथ में जो है उसी को बुलाओ. और ड्रायव्हर को बोलो, जाना है तो डीबगर के निकलने के बाद जाओ." हे त्यांना कसं सुचलं असं मी खाली उतरताना विचारलं. "सुचलं नाही," त्या म्हणाल्या. "सरकारी केंद्रात असताना माझ्याच कोडने असा जीव सोडला होता, मंत्र्यांसमोर. बरं झालं, त्यांना तो समारंभाचाच भाग वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या."

मग कंपनीत क्वालिटी आली.

क्वालिटी म्हणजे खुराना नावाचे गृहस्थ. निळा सूट आणि बोलता बोलता हवेत चौकोन काढायची सवय. वाईट माणूस नव्हता. त्यांना कोड लिहिता येत नव्हता, म्हणून तो मोजता येईल अशी त्यांची श्रद्धा होती. चाचण्या चालवून त्यांनी शोधून काढलं, की बाईंच्या कोडमधले कितीतरी भाग कधी चालतच नाहीत. 'पत्ता नसेल तर सोडून दे' असं सांगणारे सगळे तपास त्यात आले, कारण आमच्या तिन्ही ड्रायव्हरांकडे पत्ता होता. खुरानांनी मीटिंगमध्ये हवेत चौकोन काढला. "मॅडम, ये डेड कोड है. क्लायंट डेड कोड के पैसे क्यों दे?"

"मेलेला नाही हो तो, झोपलाय," बाई मराठीतच म्हणाल्या आणि मग सावरून हिंदीत, "खुरानाजी, ऑफिस में आग का बाल्टी है. कभी चला है क्या?"

दुसऱ्या दिवशी आगीची बादली पण गेली. योगायोग असेल; रिसेप्शनची शोभा जाते असं कुणीतरी म्हणालं होतं. बाईंचे तपास काढायचं काम बंसलवर आलं. तो बिचारा शरमून त्यांच्या टेबलाशी आला. त्यांनी त्यालाच चहा पाजला आणि कुठली ओळ कशी काढावी म्हणजे बाकीचं बिघडणार नाही, ते समजावून सांगितलं. त्या दुपारी मात्र त्यांनी डबा उघडला नाही. परतताना ऑफिसवाल्यांच्या चार्टर्ड बसमध्ये खिडकीशी बसून पूर्ण वाट बाहेर पाहत राहिल्या. मी विचारलं, "बाई, तुम्हाला राग नाही येत?"

"येतो की," त्या म्हणाल्या. "पण माझा राग ऑप्शनल आहे. असला तर असला. काम थांबता कामा नये."

परदेशी गिऱ्हाइकाचे पाहुणे आले ते एप्रिलमध्ये. उंच, लाल चेहऱ्याचे, शांत गृहस्थ. त्यांच्यासाठी नवीन मशीन मागवलं होतं, मोठा रंगीत पडदा आणि त्याचा नवाकोरा ड्रायव्हर. कार्यक्रम असा, की मुद्दाम कर्नल पाडायचा आणि आमचा डीबगर कसा ऐटीत उभा राहतो ते दाखवायचं. या कामावर कंपनीचं पुढचं सगळं अवलंबून होतं. एमडी साहेबांनी नवा टाय बांधला होता. बाई मागच्या रांगेत, खुराना पुढच्या.

बंसलने कर्नल पाडला. कर्नल व्यवस्थित पडला. डीबगर उठला, नव्या ड्रायव्हरला हाक मारायला गेला, आणि पडदा काळा झाला. ना अक्षर, ना ठिपका. खोलीत सगळे त्या काळ्या काचेत आपापले चेहरे बघत बसले.

एमडी साहेब धंद्यातले माणूस. क्षणही न दवडता ते पाहुण्यांकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "माफ करा, वीज! आमच्याकडे हे फार होतं." पाहुण्यांनी समजुतीने मान डोलावली. दिल्लीत वीज जाते हे त्यांना विमानातच कुणीतरी सांगितलेलं असणार. खुराना म्हणाले, "जनरेटर अभी आ जाएगा सर." खोलीभर सुटकेचा निःश्वास पसरला. डोक्यावर पंखा गरगरत होता, एसी घोंघावत होता, दिवे सगळे चालू होते. पुढच्या रांगेतलं कुणीच त्यांच्याकडे बघत नव्हतं.

पाहुण्यांनी बघितलं. त्यांनी छताकडे मान वर केली, मग हळूच मागे वळून टिपणीसबाईंना विचारलं, "मॅडम, वीज गेली आहे का?"

का कोण जाणे, पाहुण्यांनी बाईंनाच विचारलं. कदाचित सबंध खोलीत त्या एकट्याच पंख्याकडे बघत होत्या म्हणून. एमडी साहेबांचा चेहरा मला दिसत होता. त्यात विनंती होती, धमकी होती आणि सगळ्यात जास्त भीती. बाईंच्या नवऱ्याची निवृत्ती वर्षावर आलेली, मयूर विहारच्या सोसायटीतल्या फ्लॅटचे हप्ते चालू. त्यांनी पदर सारखा केला आणि उभ्या राहिल्या.

"नो सर," त्या म्हणाल्या. "लाइट इज देअर. द फंक्शन इज नॉट देअर."

मग फळ्यापाशी जाऊन त्यांनी तीन ओळींत सगळं मांडलं. हाक ऐच्छिक आहे, नव्या ड्रायव्हरने जागा रिकामी ठेवली आहे आणि तो त्याचा हक्क आहे, आपण न विचारता हाक मारली. तपास होता आणि काढला गेला, हे सांगितलं. कुणी काढला ते सांगितलं नाही. 'वी रिमूव्ड इट,' म्हणाल्या. त्या 'वी'मध्ये खुराना बसले, बंसल बसला, मी बसलो, टायसकट एमडी साहेब बसले. पाहुण्यांनी विचारलं, परत घालायला किती वेळ लागेल? बाई म्हणाल्या, "तुमचा चहा होईपर्यंत." बंसल मशीनसमोर जाऊन बसलासुद्धा होता. पाहुण्यांनी दोन कप चहा घेतला. काळ्या पडद्यावर मग हिरवी अक्षरं उमटली आणि कर्नल का पडला ते डीबगरने नीट सांगितलं.

काम आम्हाला मिळालं. बाईंना काय मिळालं? एमडी साहेब महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. पुढल्या महिन्यात रिसेप्शनमध्ये, जिथे आगीची बादली असायची तिथे, सोनेरी चौकटीत एक पाटी लागली. 'आम्ही ग्राहकाशी सत्य बोलतो.' खाली एमडी साहेबांची सही. बाई रोज सकाळी तिच्यासमोरून जात. एकदा थांबून त्यांनी ती पूर्ण वाचली आणि मला म्हणाल्या, "अक्षर छान आहे."

खुरानांनीही धडा घेतला, आणि तो भलताच घेतला. फर्मान निघालं, की यापुढे प्रत्येक हाकेच्या आधी तपास हवा. ऐच्छिक असो वा नसो, पत्ता नसेल तर गुपचूप पुढे जायचं. खुराना स्वतः बाईंकडे पेढ्यांचा पुडा घेऊन आले. "मॅडम, आपकी बात सौ टका मान ली!"

बाईंनी पेढा खाल्ला आणि म्हणाल्या, "खुरानाजी, ये मेरी बात नहीं है."

त्या कळवळून सांगत होत्या, की सगळ्या हाका सारख्या नसतात. तयारीला लाग म्हणून सांगायची हाक नसली तरी चालतं, ती गुपचूप सोडावी. पण पडलेल्या मशीनच्या मेमरीतली माहिती डिस्कवर उतरवून ठेवणारा नसेल तर कसं चालेल? तिथे गप्प बसून पुढे जाणं म्हणजे खोटं बोलणं. ज्याच्याकडे असलंच पाहिजे ते नाही, त्याला नोंदणीच्या वेळीच दारात अडवा. "लग्नात करवली नसली तरी चालतं," त्या मला मराठीत म्हणाल्या, "नवरदेव नसला तर मंगलाष्टकं म्हणत राहायची का?" हे हिंदीत सांगायचा मी प्रयत्न केला. खुराना मनापासून हसले आणि त्यांनी हवेत चौकोन काढला.

पावसाळा संपता संपता गिऱ्हाइकाच्या कारखान्यात एक मशीन पडलं. डीबगर उठला, त्याने सगळे विधी पार पाडले आणि शेवटी लिहिलं, 'सर्व माहिती जतन केली आहे.' डिस्क कोरी होती. जतन करणारा कुणी नोंदलेलाच नव्हता, आणि आमच्या कोडने अत्यंत शिस्तीत त्याला वगळलं होतं. तिकडच्या लोकांनी आठवडाभर ती नसलेली माहिती शोधली.

या वेळी मीटिंगच्या खोलीत बाईंना आधी बोलावलं नव्हतं. नंतर बोलावलं. त्यांनी कुणालाही 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही, आणि हे सोसणं खुरानांना फार जड गेलं. बाईंनी बसून हाकांची यादी दोन भागांत केली, नसली तरी चालणारी हाक आणि असायलाच हवी ती. दुसरीतलं काही रिकामं असेल तर ड्रायव्हरला नोंदणीच नाकारायची. पुढे खुरानांनी हे 'नवं धोरण' म्हणून मुंबईच्या कुठल्याशा परिषदेत मांडलं आणि तिथून त्यांना अमेरिकेला बोलावणं आलं. निरोप समारंभात बाईंनी त्यांना स्वतः विणलेला मफलर दिला. "तिकडे थंडी फार," म्हणाल्या. त्यात कणभरही टोमणा नव्हता. मी शोधून पाहिला.

तोवर त्या मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या होत्या, म्हणजे माझ्या शेजारच्याच सोसायटीत. सोसायटीच्या लिफ्टमध्ये लाल घंटा होती. राहायला आल्या दिवशी बाईंनी ती दाबली आणि खाली येऊन विचारलं, ही वाजते कुठे? चौकीदाराच्या खोलीत. आणि दुपारी चौकीदार कुठे असतो? घरी जेवायला. बाईंनी सभेत प्रश्न मांडला. सेक्रेटरी चोप्रा म्हणाले, "मॅडम, आज तक कोई फँसा नहीं." बरीच चर्चा झाली आणि घंटेमुळेच शंका निर्माण होते, तेव्हा ती काढून टाकावी, इथपर्यंत गोष्ट आली. शेवटी बाईंनी वायरमन बोलावून घंटेची एक तार आपल्या घरात ओढून घेतली.

घरात निवृत्त झालेले टिपणीससाहेब होते. आयुष्यभर फायली पुढे सरकवलेला अबोल माणूस, निवृत्तीनंतर दिवसभर बाल्कनीत बसून रस्त्याकडे पाहायचा. घंटा आली आणि त्यांना पुन्हा पोस्टिंग मिळालं. पोरं मुद्दाम वाजवायची, तरी ते प्रत्येक वेळी चप्पल घालून, चष्मा लावून बाहेर यायचे. एकदा खरंच चोप्रांची आई अडकली. साहेब दारापाशी खुर्ची टाकून बसले आणि मेकॅनिक येईपर्यंत बंद दारातून तिच्याशी लाहोरच्या तिच्या शाळेबद्दल बोलत राहिले. त्यांच्याकडून इतकं बोलणं बाईंनीही कधी ऐकलं नव्हतं. "लग्न झाल्यापासूनचा सगळा कोटा त्या म्हातारीवर खर्च केला," त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ हसत राहिल्या.

साहेब गेले तेव्हा मी बंगलोरला होतो. बाई निवृत्त झाल्या होत्या. आमची कंपनी एका मोठ्या कंपनीने घेतली, आणि त्या मोठ्या कंपनीला आणखी मोठ्या कंपनीने. घरातली साहेबांची खोली बाईंनी स्पर्धा परीक्षेला आलेल्या मराठी मुलींना द्यायला सुरुवात केली, असं बंसलने फोनवर सांगितलं. भाडं घेतात, पण ओरडतात जास्त, म्हणाला.

त्यांना शेवटचं पाहिलं ते एका कामासाठी दिल्लीला आलो होतो तेव्हा. ऑटोतून जाताना, स्पर्धा परीक्षांच्या मुलाखती होतात त्या मोठ्या इमारतीबाहेर, जांभळाच्या झाडाखालच्या कठड्यावर, त्या बसलेल्या दिसल्या. केस पूर्ण पांढरे. मी ऑटो थांबवून धावत गेलो.

"अरे, सातपुते! जाड झालास," त्या म्हणाल्या. आत त्यांच्याकडे राहणारी मुलगी होती, शबाना, बीडकडची. "सकाळपासून थरथरत होती. तिच्या घरचं कुणी येण्यासारखं नाही. म्हटलं, चला."

शेजारी कठड्यावर फौजेतला एक हवालदार बसला होता, पूर्ण गणवेशात, लष्करी छावणीतून आलेला. त्याचीही मुलगी आत होती. साताऱ्याकडचा असावा. पाठ ताठ, मुठी गुडघ्यांवर, नजर फाटकावर खिळलेली. इतका वेळ तो हललाही नसावा.

"बाई, मी थांबू?"

"कशाला? तुझं काम कर. आतल्यांना वेळ लागतो." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "यांचं बघते जरा. फार घाबरलेत."

मी ऑटोत बसलो. वळणावरून मागे पाहिलं तर बाईंनी पिशवीतून डबा काढला होता आणि अर्धी पोळी झाकणात घालून त्या हवालदारापुढे धरली होती. तो नको नको म्हणत होता. त्या काहीतरी बोलल्या. काय ते मला ऐकू आलं नाही. त्याने झाकण हातात घेतलं, टोपी काढून बाजूला ठेवली, आणि सावधान बसलेला तो माणूस हळूहळू झाडाच्या खोडाला टेकला.